कोठडी आणि प्रायश्चित्त

मराठी वाचकाच्या मनातला तुरुंग मोठ्या माणसांनी उभा केलेला आहे. राजद्रोहाच्या शिक्षेवर मंडालेला असताना टिळकांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहिले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेलेली ही पुस्तके गजांआड जन्मली, आणि म्हणून तुरुंग म्हटला की आपल्याला नकळत एकांत, चिंतन, तप असले शब्द सुचतात. चोराला किंवा खुन्याला आत टाकतानाही मनाच्या तळाशी तीच अपेक्षा असते. आत बसेल, विचार करील, पस्तावेल, सुधारून बाहेर येईल. राज्याच्या तुरुंग खात्याचे नावही आता ‘कारागृह व सुधारसेवा’ असे आहे. माझे म्हणणे असे की ही अपेक्षा चुकीच्या जागी ठेवलेली आहे. कैद माणसाला अडवून ठेवू शकते, आणि काही माणसांना अडवून ठेवावेच लागते. पण पश्चात्ताप घडवण्याचे जे काम आपण तिच्यावर सोपवले आहे, त्याला लागणाऱ्या गोष्टी ती एकेक करून माणसाकडून काढून घेते.

टिळक आणि विनोबा तुरुंगात गेले ते आपण केले ते योग्यच होते या खात्रीने. त्यांना पस्तावण्यासारखे काही नव्हते. धुळ्यात विनोबांपुढे श्रोते बसत होते, सत्याग्रही कैद्यांचा एक जिवंत समाजच भिंतीआड जमला होता. बाहेर देश त्यांची वाट पाहत होता. कैदेने त्यांचे शरीर अडवले, पण आपण कोण आणि येथे कशासाठी, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर तिला हलवता आले नाही. पाकीट मारून किंवा दारूच्या नशेत भावकीतल्या माणसावर कुऱ्हाड चालवून आत आलेल्याजवळ असे उत्तर नसते. आणि उत्तर जवळ असलेल्यांचेसुद्धा कठोर एकांतात काय होते ते अंदमानात दिसले. सावरकरांनी ‘माझी जन्मठेप’मध्ये सेल्युलर जेलचे जे वर्णन केले आहे, त्यात कोलूइतकीच ठळक आहे ती माणसांच्या मनाची पडझड. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ साली कोठडीत गळफास घेतला. उल्लासकर दत्त यांचे भान सुटले आणि त्यांना मद्रासच्या मनोरुग्णालयात हलवावे लागले. ही प्राण पणाला लावून निघालेली माणसे होती. ती मोडली ती भेकड म्हणून मोडली असे कोणी म्हणणार नाही.

कोठडीतून पश्चात्ताप निपजतो ही कल्पना मुळात एक धार्मिक कल्पना आहे, आणि ती अगदी सद्‌भावनेने जन्मली हे लक्षात ठेवले पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातल्या क्वेकर पंथाच्या सुधारकांना फटके, डाग आणि फाशी यांची किळस आली होती. माणसाला गोंगाटापासून आणि वाईट संगतीपासून तोडले तर त्याच्या अंतरातला ईश्वरी प्रकाश आपोआप जागा होईल, असे त्यांना मनापासून वाटले. या विचारातून १८२९ साली ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी उभी राहिली. प्रत्येक कैद्याला स्वतंत्र कोठडी, छताला उजेडासाठी एक झरोका, कोठडीला लागून उंच भिंतींचे एकट्यापुरते अंगण, हाताला चप्पल शिवण्यासारखे काम आणि वाचायला बायबल. इतर कैद्याशी बोलायचे नाही. कोठडीबाहेर न्यायचे झाले तर तोंडावर टोपडे घालायचे, म्हणजे कोणी कोणाला पाहू नये. चार्ल्स डिकन्स १८४२ साली हा तुरुंग पाहून आला आणि ‘अमेरिकन नोट्स’मध्ये त्याने लिहिले ते या व्यवस्थेच्या विरोधात. मनाला रोज थोडे थोडे छळणे हे अंगावरच्या वळांहून भयंकर आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे १८९० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात या प्रयोगाचा हिशेबच मांडला. थोड्याच अवधीनंतर पुष्कळ कैदी बधिर झाले, काहींना वेड लागले, काहींनी जीव दिला, आणि जे तगले तेही बहुधा समाजाच्या उपयोगाचे राहिले नाहीत. फिलाडेल्फियात ही पद्धत १९१३ साली अधिकृतपणे सोडून दिली गेली. मधल्या काळात तिचा नकाशा जगभर गेला होता. मधे एक केंद्र आणि त्यातून निघणाऱ्या सात लांब रांगा ही रचना पोर्ट ब्लेअरला १९०६ पर्यंत बांधून झालेल्या सेल्युलर जेलचीही होती.

आज कायद्याने या एकांताला बरीच वेसण घातली आहे. सुनील बत्रा खटल्यात १९७८ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाधिकाऱ्याला मनमानी एकांतवास देता येणार नाही असे ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनी सलग पंधरा दिवसांपेक्षा जास्त एकांतवास निषिद्ध मानला. तरी भारतीय न्याय संहितेत एकांतवासाची शिक्षा जुन्या दंडविधानातून जशीच्या तशी आली आहे, एका वेळी चौदा दिवस आणि एकूण तीन महिन्यांपर्यंत. पण आपली समजूत नुसत्या कायद्याने बदलणारी नाही, कारण एकांताच्या बाजूने आपल्याकडे एक फार मोठा साक्षीदार उभा आहे, तो म्हणजे वाल्या कोळी. वारूळ अंगावर चढेपर्यंत एकटा बसला आणि वाल्मीकी होऊन उठला. तुरुंगातल्या कुठल्याही कार्यक्रमाच्या भाषणात वाल्याचा वाल्मीकी येतोच. कथेचा क्रम मात्र आपण विसरतो. वारुळाच्या आधी एक प्रश्न आहे. ज्यांच्यासाठी हे रांजण खड्यांनी भरलेस, ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का, हे घरी जाऊन विचारून ये, असे नारद सांगतो. वाल्या मोकळा असतो, घरी जातो, बायकोमुलांचे उत्तर ऐकतो आणि स्वतःच्या पायांनी परत येतो. तो पळून जाऊ शकत होता. एकांत त्याने निवडला तो प्रश्न काळजाला भिडल्यानंतर. साधकाची गुहा आणि कैद्याची कोठडी बाहेरून सारखी दिसते, पण गुहेचे दार आतून उघडता येते, आणि सगळा परिणाम त्या एका गोष्टीवर अवलंबून असतो.

एकांतवास हा अपवाद झाला. बहुतेक कैद्यांचा तुरुंग म्हणजे गच्च भरलेली बराक. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ४,३६,२६६ जणांची जागा होती आणि ५,७३,२२० माणसे होती. येथे त्रास एकटेपणाचा नाही, क्षणभरही एकटे न राहता येण्याचा आहे. उठण्याची वेळ दुसरा ठरवतो, गिनती दुसरा करतो, सूर्य मावळण्याच्या आत जेवण हातात पडते आणि बराकीला कुलूप लागते. दिवा कधी घालवायचा, आज काय खायचे, शेजारी कोणी झोपायचे, यातले काहीही माणसाच्या हातात राहत नाही. ग्रेशम साइक्स या समाजशास्त्रज्ञाने १९५८ साली न्यू जर्सीच्या तुरुंगाचा अभ्यास करून कैदेतली जी पाच दुःखे सांगितली, त्यात स्वातंत्र्य गमावण्यापासून स्वतःच्या बाबतीत निर्णय घेण्याची शक्ती गमावणे त्याने वेगळे काढले आहे, ते फार नेमके आहे. ज्याने दहा वर्षांत एकही दार स्वतःच्या हाताने उघडलेले नाही, त्याला आपण बाहेर सोडून म्हणतो, आता जबाबदारीने वाग. त्याआधी १९४० साली डोनाल्ड क्लेमर याने दाखवले होते की कैदी हळूहळू तुरुंगाचाच होऊन जातो. आत टिकून राहायला जे लागते, म्हणजे कोणावर विश्वास न टाकणे, चेहऱ्यावर काही उमटू न देणे, बलवानाच्या आश्रयाने राहणे, अन्याय दिसला तरी खाली मान घालणे, त्यातले एकही बाहेरच्या संसाराला कामाचे नाही. संसाराला जे लागते ते आत वाळून जाते. मुलाखतीच्या जाळीपलीकडून, दहा जणांच्या आरडाओरड्यात, पोराच्या शाळेची चौकशी किती करणार? महाराष्ट्रातल्या काही तुरुंगांनी ‘गळाभेट’ सुरू केली, जाळी बाजूला सारून कैद्याला आपल्या लेकरांना जवळ घेऊ दिले. ही गोष्ट उपक्रम म्हणून वेगळी करावी लागली, यावरून एरवीच्या मुलाखतीत काय नसते ते कळते.

आता कोणी म्हणेल, दुःख झाले तर झाले, दुःखानेच माणूस शहाणा होतो. येथे दोन भावना वेगळ्या केल्या पाहिजेत, कारण सारी गफलत त्यांच्या सरमिसळीतून होते. ‘मी वाईट केले’ असे वाटणे आणि ‘मी वाईट आहे, सगळे मला तसेच पाहतात’ असे वाटणे या दोन भावनांचे रस्ते उलट्या दिशांना जातात. पहिली माणसाला ज्याचे नुकसान केले त्याच्याकडे वळवते. दुसरी त्याला लपायला लावते किंवा चिडायला लावते. जून टॅन्गनी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक कैद्यांचा सुटकेनंतर मागोवा घेऊन २०१४ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात हेच दिसले. केलेल्या कृत्याची टोचणी ज्यांना अधिक होती ते पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळले. नुसत्या अपमानाच्या भावनेने पोळलेल्यांपैकी जे दोष दुसऱ्यावर ढकलू लागले, ते अधिक वळले. तुरुंगाची सगळी रचना पाहिली तर ती पहिल्या भावनेला फारसे खाद्य देत नाही आणि दुसरीला रोज घालते. नंबर, कपडे, झडती, एकेरी हाक, रांगेत उकिडवे बसणे, या प्रत्येक गोष्टीतून सांगितले जाते ते तू कोण आहेस हे. तू काय केलेस आणि कोणाचे केलेस, हे आत कोणी विचारत नाही. वर्षानुवर्षे हा अपमान गिळणाऱ्याला आपणच खरे अन्यायग्रस्त आहोत असे वाटू लागते. ज्याला लुटले तो माणूस त्याच्या आठवणीतून पुसट होत जातो आणि वॉर्डर, हवालदार, साक्ष फिरवणारा चुलता हे ठळक होत जातात.

पश्चात्तापाला काय लागते, याचा विचार आपल्या परंपरेने खूप बारकाईने केला आहे. पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात प्रायश्चित्ताला केवढी जागा दिली आहे ते पाहावे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याच्या वाटा सांगितल्या आहेत. उघड कबुली, मनापासूनचा अनुताप, तप, अध्ययन, आणि ते जमत नसेल तर दान. यादीत कबुली पहिली येते, आणि बाकी सगळ्या गोष्टीसुद्धा माणसाने स्वतः करायच्या आहेत, त्याच्यावर कोणी करायच्या नाहीत. आपल्या न्यायव्यवस्थेत नेमक्या या पहिल्याच पायरीवर काटे पेरलेले आहेत. अटक झाल्यापासून वकील सांगतो, तोंड उघडू नकोस. शिक्षा लागली की उच्च न्यायालयात अपील, आणि अपील सुनावणीला यायला कितीतरी वर्षे लागतात. तोपर्यंत ‘होय, मी केले’ असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या सुटकेवर पाणी सोडणे. आरोपीला गप्प राहण्याचा हक्क आहे आणि तो असलाच पाहिजे, त्यावाचून निरपराध माणसाचे काही खरे नाही. पण मग त्याच काळात, त्याच माणसाकडून, आत बसून पश्चात्ताप करण्याची अपेक्षा आपण कशी ठेवतो? ज्या वर्षांना आपण सुधारणेची वर्षे म्हणतो, ती बहुधा नाकारण्याची वर्षे असतात.

मनुस्मृतीच्या त्याच अकराव्या अध्यायात एक विधी आहे, आणि मला तो या सगळ्या चर्चेचा गाभा वाटतो. महापातक्याला बहिष्कृत करताना नातेवाईक संध्याकाळच्या वेळी गावाबाहेर जमतात. दासी पाण्याने भरलेला घडा पायाने लवंडते, मेलेल्या माणसासाठी करावे तसे. तेथून पुढे त्याच्याशी बोलणे, बसणे, वारसा, सगळे बंद. समाजातून काढण्याचा हा विधी कठोर आहे, पण त्याला जोडून परत घेण्याचाही विधी आहे. प्रायश्चित्त पुरे झाले की तेच नातेवाईक त्याच्याबरोबर पवित्र जलाशयात स्नान करतात आणि नवा भरलेला घडा त्या पाण्यात सोडतात. पुढे स्पष्टच सांगितले आहे की प्रायश्चित्त केलेल्याची निंदा करू नये, आणि आठव्या अध्यायात तर राजाने दंड केलेले लोक निर्मळ होऊन पुण्यवंतांसारखे स्वर्गाला जातात, असे म्हटले आहे. आजचा आपला कायदा पहिला घडा फार विधिपूर्वक लवंडतो. आरोपपत्र, निकालवाचन, कैदी क्रमांक, वर्तमानपत्रातला फोटो. दुसऱ्या घड्याची व्यवस्था कोणाकडेच नाही. शिक्षा भोगून आलेल्याला चारित्र्य पडताळणीत नोकरी मिळत नाही, भाड्याने खोली मिळत नाही, लेकीचे स्थळ मोडते. संचित रजेवर घरी यायचे तरी पोलिसांचा अहवाल अनुकूल लागतो आणि जामीनदार उभा राहावा लागतो. कायद्याने मोजून दिलेली शिक्षा संपते, न मोजलेली चालूच राहते. जॉन ब्रेथवेट या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने १९८९ साली मांडलेला सिद्धांत याच्या अगदी जवळचा आहे. त्याच्या मते कृत्याचा धिक्कार करून माणसाला परत घेणारा समाज गुन्हा कमी करतो आणि धिक्कारलेल्याला कायमचे बाहेर ठेवणारा समाज गुन्हेगारांची जमात तयार करतो.

मनुस्मृतीचा आधार घेतल्यावर एक आक्षेप येणारच, आणि तो यावा. त्या शास्त्रात दंड आणि प्रायश्चित्त दोन्ही वर्णाच्या पायऱ्यांवर बसवलेले आहेत. एकाच अपराधाला ब्राह्मणाला वेगळे आणि शूद्राला वेगळे. घडा लवंडायलाही दासी आहे, यातच सारे आले. या व्यवस्थेचा एक कणही परत आणावा असे माझे म्हणणे नाही. उलट तिचा विषारी भाग आपल्या तुरुंगांत परवापरवापर्यंत जिवंत होता. अनेक राज्यांच्या जेल मॅन्युअलमध्ये झाडलोट आणि मैला साफ करणे अमुक जातीच्या कैद्यांकडे, स्वयंपाक तमुक जातीच्या कैद्यांकडे, असे नियम छापलेले होते. सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकारांनी ते उजेडात आणले आणि त्यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले. म्हणजे आधुनिक तुरुंगाने परंपरेतले जे टाकायचे ते जपले, आणि परत घेण्याचा विधी, जो घेण्यासारखा होता, तो टाकून दिला. एखाद्या जुन्या ग्रंथात न्यायाची एक खरी जाणीव अन्यायाच्या शेजारी बसलेली असते. अन्याय नाकारताना तिलाही नाकारावे लागते असे नाही.

याहून जड आक्षेप ज्याचे नुकसान झाले त्याचा आहे. ज्या आईचा मुलगा मारला गेला तिला कैद्याच्या मनःस्थितीची चर्चा ऐकवणे क्रूरपणाचे वाटेल, आणि तिचे वाटणे रास्त आहे. अपराधाला शिक्षा झालीच पाहिजे, कारण शिक्षा न होणे म्हणजे तिच्या मुलाच्या जिवाला किंमत नव्हती असे राज्याने म्हणणे. मी शिक्षेच्या विरोधात बोलत नाही. पण आजची कैद त्या आईला काय देते ते पाहू. खटल्यात ती फक्त साक्षीदार असते. निकालानंतर तिला कोणी काही विचारत नाही, गुन्हेगाराने तिच्याकडे तोंड करून कधी काही सांगावे अशी सोय नाही, आणि त्याच्या आतल्या कष्टांतून तिच्या हाती काही पडेल याची खात्री नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली कैद्यांच्या मजुरीच्या प्रकरणात, त्यांना न्याय्य वेतन द्यावे आणि त्यातला काही भाग पीडितांसाठी राखावा, असे सांगितले होते. प्रायश्चित्ताच्या कल्पनेशी जुळणारी ती सूचना मनापासून राबवली गेली असती, तर आज आपण वेगळ्या पायरीवर असतो. राहिला धाकाचा मुद्दा. बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ सालीच लिहून ठेवले की गुन्हा थांबतो तो शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिच्या खात्रीने, आणि अलीकडच्या संशोधनाचा कलही तिकडेच आहे. पकडले जाऊ ही धास्ती माणसाला अडवते. सात वर्षांची दहा केल्याने त्यात फारशी भर पडत नाही. अमेरिकेत २००५ साली तीस राज्यांतून सुटलेल्या कैद्यांपैकी सुमारे ६८ टक्के तीन वर्षांत पुन्हा अटकेत सापडले. यातला प्रत्येक जण दोषी होता असे नाही, आणि आत जाणारे मुळातच अवघड असतात हेही खरे. तरीही लांबलचक शिक्षांचा सढळ वापर करणाऱ्या त्या देशाचा हा अनुभव धाकाच्या बाजूने उभा राहत नाही.

पश्चात्ताप म्हणजे सवलत, ही समजूतही काढून टाकली पाहिजे. दरोडेखोर अंगुलिमालाची कथा बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतली आहे. राजा प्रसेनजित त्याला धरायला निघालेला असतो आणि भिक्षूच्या वेशात शांत बसलेला पाहून त्याला सोडून देतो. पण पाली सुत्तातला पुढचा भाग कमी सांगितला जातो. भिक्षेसाठी श्रावस्तीत गेलेल्या अंगुलिमालावर दगडधोंडे येतात. डोके फुटलेले, भिक्षापात्र भंगलेले, चीवर फाटलेले अशा अवस्थेत तो बुद्धाकडे येतो. बुद्ध त्याला सहन कर असे सांगतो, हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. दगड मारणारे लोक आणि तो एकाच रस्त्यावर आहेत, त्यांचा राग त्याला समोरासमोर घ्यावा लागतो, आणि तो घेत घेतच तो बदलतो. भिंतीआडच्या माणसाला हा सामना कधी करावाच लागत नाही. तिहारमध्ये एप्रिल १९९४ मध्ये सत्यनारायण गोयंका यांनी सुमारे एक हजार कैद्यांसाठी विपश्यनेचे शिबिर घेतले. त्यातून काही जणांच्या रागाला बांध बसला असे मानायला जागा आहे. पण शिबिराला आले ते स्वेच्छेने आले होते, आणि ज्या दहा दिवसांत स्वतःकडे पाहिले त्यानंतर परत त्याच बराकीत गेले. अशा उपक्रमांना जे यश येते ते तुरुंगाच्या स्वभावाविरुद्ध जाऊन येते, आणि म्हणून त्याचे श्रेय तुरुंगाला देता येत नाही.

दुसरे काही शक्य आहे का, या प्रश्नाला महाराष्ट्राकडे स्वतःचे उत्तर आहे. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअराच्या पुढाकाराने, १९३९ साली आटपाडीजवळच्या माळरानावर स्वतंत्रपूर वसले. शिक्षा झालेले कैदी, बेड्या नाहीत, तट नाही, स्वतःची शेती आणि कुटुंब बरोबर. याच प्रयोगावरून त्याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली तो चित्रपट केला. चित्रपट आपण डोक्यावर घेतला, वसाहत मात्र एक वसाहतच राहिली. राजस्थानात सांगानेरला १९६३ पासून असाच खुला तुरुंग आहे. तेथे जन्मठेपेचे कैदी बायकामुलांसह राहतात, दिवसा गावात कामाला जातात, संध्याकाळी हजेरीला परततात आणि संसार स्वतःच्या कमाईवर चालवतात. येथे कोणी म्हणेल की खुल्या तुरुंगात निवडून निवडून सरळ वागणारेच पाठवतात, मग ते पळत नाहीत यात नवल काय. आक्षेप बरोबर आहे, स्वतंत्रपूरवरून सगळ्या कैद्यांबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही. पण त्यातूनच दुसरा प्रश्न उभा राहतो. खून करून आलेल्या माणसावर इतका विश्वास टाकता येतो हे ज्यांच्याबाबतीत सिद्ध झाले, त्यांना त्याआधी इतकी वर्षे बंद बराकीत कशासाठी ठेवले? ज्याच्यापासून इतरांना खराच धोका आहे त्याला अडवून ठेवावे, आणि ते अडवणे म्हणूनच करावे, सुधारणेचे नाव न देता, माणुसकी न सोडता. बाकीच्यांना कमवू द्यावे, भरपाई करू द्यावी, कुटुंबाला तोंड देऊ द्यावे. भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांच्या आतल्या पहिल्या चोरीसाठी एक तरतूद आली आहे. चोरलेला माल किंवा त्याची किंमत परत करणाऱ्याला समाजसेवेची शिक्षा. परत कर आणि लोकांसाठी काम कर, यापेक्षा प्रायश्चित्ताच्या जवळ जाणारे कलम आपल्या फौजदारी कायद्यात दुसरे मला दिसत नाही. त्याची मर्यादा पाच हजारांवर थांबण्याचे कारण नाही.

आणि हे सगळे बोलून झाल्यावरही तुरुंगातल्या बहुतेक माणसांना यातले काहीच लागू पडत नाही, कारण ती अजून दोषीच ठरलेली नाहीत. २०२२ च्या त्या ५,७३,२२० पैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे चारातले तीन. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही, तर पश्चात्ताप कशाचा, सुधारणा कशाची आणि प्रायश्चित्त कोणते? बराक, गिनती, जाळी, अपमान मात्र तेच. यातल्या कित्येकांना न्यायालयाने जामीन दिलेलाही असतो, पण रक्कम किंवा जामीनदार मिळत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून, याआधी कधीही दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला बंधपत्रावर सोडायचे आहे, आणि त्यासाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कैद्यावर नसून कारागृह अधीक्षकावर आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समितीही प्रत्येक जिल्ह्यात असायची आहे. या समितीपुढे किती नावे आली, किती अर्ज अधीक्षकांनी केले आणि किती जण खरोखर गेटबाहेर पडले, हे आकडे प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी दर महिन्याला लोकांना वाचायला मिळाले पाहिजेत, आणि ते मागायचे काम आपले आहे.